मरियाभक्ती

येशू ख्रिस्ताची माता मरिया हिच्याविषयी ख्रिस्ती समाजात, विशेषतः रोमन कॅथलिक व पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथांत, रूढ असलेला आदरभाव आणि त्यातून निर्माण झालेल्या प्रार्थना, सण, नवस व यात्रा यांस स्थूलमानाने ‘मरियाभक्ती’ असे म्हणता येईल. प्रॉटेस्टंट पंथांत मरियेविषयी आदर असला, तरी तिची प्रार्थना करण्याची प्रथा सामान्यतः नाही. महाराष्ट्रात व गोव्यात ही भक्ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. पुढे तिने मराठी व कोंकणी भाषांतून स्वतःचे असे रूप घेतले. वांद्र्याची ‘मोत माउली’, म्हापशाची ‘सायबीण’ आणि हरेगावची ‘मतमाउली’ ही या भक्तीची तीन ठळक स्थाने होत. तेथे जाणाऱ्यांत ख्रिस्तीतर भाविकांची संख्या लक्षणीय असते. त्यामुळे मरिया ही ख्रिस्ती लोकांची देवी आहे काय, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात सहजच उभा राहतो. माहूरची रेणुका व तुळजापूरची भवानी यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठवाड्यातील वाचकाला तर हा प्रश्न अधिकच स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शास्त्रात एक आणि लोकव्यवहारात काहीसे निराळे मिळते.

धर्मग्रंथीय आधार : बायबलच्या नव्या करारात मरियेविषयीचा मजकूर परिमाणाने अल्प आहे. नव्या करारातील प्राचीनतम लेखन म्हणजे पौलाची पत्रे. त्यांत तिचे नावही येत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (४:४) देवाचा पुत्र स्त्रीपासून जन्मला एवढाच उल्लेख आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील चित्र तर भक्तांना काहीसे अडचणीचे वाटावे असे आहे. येशूची आई व भाऊ त्याला भेटावयास येऊन बाहेर उभे राहतात, तेव्हा देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारे तेच आपले आप्त, असे तो सांगतो (३:३१–३५). मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची कथा योसेफाच्या दृष्टीने सांगितली आहे. तीत मरिया एकही शब्द बोलत नाही.

मरियाभक्तीचा खरा आधार लूकचे शुभवर्तमान हा होय. त्याच्या पहिल्या अध्यायात गब्रिएल हा देवदूत नासरेथ येथे मरियेला पुत्रजन्माची वार्ता देतो. ती प्रश्न विचारते, उत्तर ऐकते आणि मग संमती देते. या संमतीला कॅथलिक ईश्वरविद्येत फार महत्त्व आहे; मानवजातीच्या उद्धाराचे कार्य एका खेड्यातील मुलीच्या होकारावाचून सुरू झाले नाही, असा तिचा अर्थ लावला जातो. देवदूताने तिला संबोधिताना वापरलेला शब्द मूळ ग्रीकमध्ये ‘केखारितोमेने’ असा आहे. ‘जिच्यावर कृपा झालेली आहे अशी’ हा त्याचा व्याकरणदृष्ट्या सरळ अर्थ. संत जेरोमच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लॅटिन बायबलमध्ये मात्र ‘कृपेने परिपूर्ण’ अशा अर्थाचे शब्द आले. एवढ्याशा फरकावर पुढे मोठे वाद उभे राहिले. मरिया ही कृपा स्वीकारणारी की कृपेचा साठा असलेली, हा पंथभेदाचा प्रश्न या एका शब्दाच्या भाषांतरात साठलेला आहे, आणि मराठी भाषांतरांतूनही तो भेद डोकावतो.

त्याच अध्यायात मरिया आपली नातेवाईक एलिझाबेथ (अलीशिबा) हिच्या भेटीस जाते आणि तेथे एक स्तोत्र म्हणते. लॅटिनमधील पहिल्या शब्दावरून त्यास ‘माग्निफिकात’ असे नाव आहे. जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाने गायिलेल्या गीताची छाया त्यावर स्पष्ट दिसते. बलिष्ठांना आसनांवरून खाली ओढणारा, दीनांना उंच करणारा आणि भुकेलेल्यांना तृप्त करणारा देव हा त्याचा विषय. पुढील पिढ्या आपल्याला धन्य म्हणतील, असेही मरिया त्यात म्हणते. मरियेचे गुणगान धर्मग्रंथाला धरूनच आहे, यासाठी कॅथलिक लेखक प्रथम याच वचनाकडे बोट दाखवितात. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यानेही १५२१ मध्ये या स्तोत्रावर भाष्य लिहिले असून त्यात मरियेविषयीचा आदर कायम आहे. त्याचा रोख तिच्या पुण्याईवर विसंबणाऱ्यांवर होता.

योहानाच्या शुभवर्तमानात तिचे नाव न घेता ‘येशूची आई’ असा उल्लेख दोन प्रसंगी येतो. काना येथील लग्नात द्राक्षारस संपल्याचे तीच येशूच्या कानांवर घालते (२:१–११). येशूचे उत्तर प्रथमदर्शनी तुटक आहे, तथापि ती सेवकांना त्याच्या सांगण्याप्रमाणे करावयास सांगते आणि चमत्कार घडतो. मरियेच्या मध्यस्थीची कल्पना याच प्रसंगावर उभी आहे. दुसरा प्रसंग क्रूसाखालचा. मरणाच्या वेळी येशू आपल्या आईला आवडत्या शिष्याच्या हवाली करतो व शिष्याला तिच्या हवाली करतो (१९:२५–२७). हा शिष्य सर्व श्रद्धावंतांचे प्रतीक मानला, म्हणजे मरिया ही सर्वांची माता ठरते. प्रेषितांच्या कृत्यांत (१:१४) येशूच्या पश्चात यरुशलेममध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या मंडळीत तिचा अखेरचा उल्लेख आहे. प्रकटीकरणातील सूर्य पांघरलेली, पायांखाली चंद्र व मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट असलेली स्त्री (अध्याय १२) मूळ अर्थाने बहुधा देवाची प्रजा होय. परंतु चित्रकारांनी व मूर्तिकारांनी ती मरियाच मानली. गोव्यात घडलेल्या मरियेच्या हस्तिदंती मूर्तींच्या पायांशी दिसणारी चंद्रकोर या अध्यायातून आलेली आहे.

जुन्या करारातील यशयाच्या एका भविष्यवाणीचा (७:१४) मत्तय आधार घेतो. हिब्रू पाठातील ‘अल्मा’ या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा असून, ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी हा शब्द आला. मत्तयाने ग्रीक पाठ स्वीकारला. येशूच्या कुमारीजन्मावरील श्रद्धा केवळ या भाषांतरावर उभी आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण लूकने यशयाचा हवाला न देताच ती सांगितली आहे. ‘येशूचे भाऊ’ या उल्लेखांविषयीचा वादही जुना आहे. जेरोमने सु. ३८३ मध्ये हेल्विडियसच्या खंडनार्थ लिहिलेल्या ग्रंथात ते चुलत-मावस भाऊ असल्याचे प्रतिपादन केले; पौर्वात्य परंपरा त्यांना योसेफाची आधीच्या विवाहाची अपत्ये मानते; तर बहुतेक प्रॉटेस्टंट अभ्यासक त्या शब्दाचा सरळ अर्थ घेतात. मराठीत आत्येभाऊ, मामेभाऊ यांना सर्रास ‘भाऊ’च म्हटले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हा वाद नुसत्या कोशाने सुटणारा नाही, हे पटते.

मरियेच्या आईवडिलांची नावे आन्ना व योआकिम असल्याचे सर्वत्र मानले जाते. ती बायबलमध्ये नाहीत. दुसऱ्या शतकातील याकोबाच्या नावावर असलेल्या एका अप्रमाणित ग्रंथातून ती आली. म्हणजे लोकप्रिय मरियाकथेचा मोठा भाग धर्मग्रंथाच्या शेजारी वाढलेला आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

सिद्धांतांची घडण : ४३१ मध्ये एफिसस येथील धर्मपरिषदेने मरियेला ‘थेओतोकोस’ म्हणजे देवजननी हे अभिधान मान्य केले. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख नेस्टोरियस याचा त्यास विरोध होता. वादाचा मूळ विषय मरिया नसून ख्रिस्त होता: ख्रिस्तामधील दैवी व मानवी ही अंगे एकाच व्यक्तीची मानली, तर त्या व्यक्तीची आई देवजननीच ठरते. मरियेविषयीचे बहुतेक कॅथलिक सिद्धांत असे ख्रिस्ताविषयीच्या प्रतिपादनातून निघालेले आहेत. पुढील दोन सिद्धांतांविषयी हे तितक्या सहजपणे म्हणता येत नाही. मरिया आपल्या आईच्या उदरात आल्या क्षणापासून आदिपापापासून मुक्त होती, हा निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला. मध्ययुगात थॉमस अक्वायनससारख्या श्रेष्ठ आचार्यालाही तो मान्य नव्हता. डन्स स्कोटसने त्याचे मंडन केले होते. (सर्वसामान्य वाचक त्याची गल्लत कुमारीजन्माशी करतात, निष्कलंक गर्भसंभव येशूचा नव्हे, तर मरियेचा सांगितला आहे.) मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांत पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषित केला. बायबलमध्ये त्याचे थेट वर्णन नाही. कॅथलिक आचार्य येथे दीर्घ परंपरेचा आणि समस्त श्रद्धावंतांच्या एकमताचा हवाला देतात. धर्मग्रंथ हेच एकमेव प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांना तो पटत नाही. मतभेदाचे मूळ मरियेपेक्षा प्रमाणविचारात आहे. श्रुती आणि परंपरा यांच्या प्रामाण्याविषयी आपल्याकडे झालेले वाद ज्यांना परिचित आहेत, त्यांना ही अडचण ताबडतोब उमगेल.

उपासनेच्या बाबतीत कॅथलिक शास्त्र तीन पायऱ्या मानते. ‘लात्रिआ’ ही आराधना केवळ देवाची. ‘दुलिआ’ हा संतांना द्यावयाचा मान. आणि मरियेला द्यावयाचा विशेष मान तो ‘हिपेरदुलिआ’. मूर्तीला दिलेला मान मूर्तीचा नसून जिची ती मूर्ती आहे तिला पोचतो, असा निर्णय ७८७ मधील निकिया येथील दुसऱ्या परिषदेने दिला आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. म्हणजे शास्त्रानुसार मरिया ही देवी नव्हे. तिच्याकडे मागावयाचे ते मध्यस्थी करण्याचे साहाय्य. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढण्याऐवजी ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाचा आठवा अध्याय तिला दिला, आणि अतिशयोक्ती व उपेक्षा अशी दोन्ही टोके टाळण्याचा उपदेश केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात मरियेला ‘सहउद्धारकर्त्री’ म्हणणे अनुचित ठरविले आहे, हे त्याच धोरणाचे पुढचे पाऊल होय.

‘आवे मारिया’ ही सर्वांत प्रचलित प्रार्थना. तिचा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातील दोन अभिवादनांचा – एक देवदूताचे, दुसरे एलिझाबेथचे – जोड आहे. उत्तरार्धात पापी जनांसाठी विनंती करण्याची याचना असून तो १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात स्थिरावला. जपमाळेवर (रोझरी) ही प्रार्थना म्हणत असताना येशू व मरिया यांच्या चरित्रातील प्रसंगांचे चिंतन करावयाचे असते. परंपरेने हे प्रसंग पंधरा होते. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत पाचांची भर घातली.

गोव्यातील आरंभ : पोर्तुगीजांनी मरियेला आणले ते सत्तेच्या जोडीने, हे विसरून चालणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ मध्ये साष्टी महालातील देवळे पाडण्यात आली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्पे येथे नेण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइट धर्मगुरूंना ठार केले आणि त्यानंतर तेथील पुढाऱ्यांचा पोर्तुगीजांनी विश्वासघाताने वध केला. आज त्याच कुंकळ्ळीत आरोग्यमाता मरियेचे चर्च आहे, आणि देवीचे मूळ स्थान त्या गावी असल्याची स्मृतीही तेथील हिंदू समाजाने जपली आहे.

या दडपशाहीच्या काळातच ख्रिस्ती साहित्यातील एक श्रेष्ठ मराठी काव्य निर्माण झाले, ही इतिहासातील चमत्कारिक गोष्ट होय. इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले व मुख्यतः साष्टीत राहून १६१९ मध्ये मरण पावले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिले पुराण छत्तीस व दुसरे एकोणसाठ अवस्वरूंचे असून एकूण ओव्या सु. अकरा हजार आहेत. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावून घेतली गेली होती. त्यांच्या जागी काहीतरी ऐकावयास हवे, ही त्यांची मागणी या रचनेमागे होती. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा कथाभाग आहे, तर दुसरे ख्रिस्तचरित्राचे असून मरियेच्या कथेला त्यात ओघानेच मोठे स्थान मिळाले आहे.

स्टीफन्स यांच्यापुढील भाषिक पेच बिकट होता. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेण्यास ते कचरले नाहीत. पण मरियेसाठी ‘देवी’ हा शब्द घेणे शक्य नव्हते, कारण ज्या समाजासाठी ते लिहीत होते त्याच्या घरादारांतून देवी नुकत्याच परांगदा झाल्या होत्या. तिची गणना त्यांच्यात होऊ नये, आणि तरीही त्यांच्याविषयीची आर्तता तिच्याकडे वळावी, असा दुहेरी हेतू त्यांना साधावयाचा होता. कुमारी या अर्थाचा ‘अंकवार’ हा शब्द, माता, राणी, स्वामिनी अशा वळणांनी गोव्यातील ख्रिस्ती भाषेने ही वाट काढली. ‘सायबीण’ हे लोकप्रिय संबोधन त्याच वळणाचे. स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोंकणी धर्मप्रश्नोत्तरीत ‘आवे मारिया’ ही प्रार्थना या प्रदेशाच्या भाषेत छापील स्वरूपात आली.

१६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून द्यावी असा आदेश काढला. क्रिस्तपुराण मात्र मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांत हस्तलिखितांच्या रूपाने टिकले आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून त्याची नवी आवृत्ती काढली. देवनागरीत ते १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने मराठी वाचकांच्या हाती आले. मधली तीनशे चाळीस वर्षे हे काव्य महाराष्ट्राला जवळजवळ अज्ञात होते.

म्हापसा येथील मरियेच्या मूर्तीला ‘मिलाग्रिस सायबीण’ म्हणतात. ‘मिलाग्रिस’ म्हणजे चमत्कार. उत्तर गोव्यात सात बहिणी व एक भाऊ यांची दैवतकथा प्रसिद्ध आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या त्यांतल्या. यांतील मिराबाई ही बहीण म्हापशास जाऊन मिलाग्रिस झाली, अशी लोकांची समजूत आहे. ईस्टरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. लईराईच्या जत्रेशी तेल व मोगरीची फुले यांच्या देवघेवीचा संबंध जोडला जातो. चर्चच्या शास्त्रात या कथेला स्थान नाही. तथापि ज्या समाजाची दोन धर्मांत फाळणी झाली त्याने आपले नाते सांगण्यासाठी ती रचली, असे म्हणण्यास जागा आहे; भावंडांची वाटणी झाली तरी आडनाव एकच राहावे, तसे हे झाले.

वसई व वांद्रे : उत्तर कोकणातील पोर्तुगीज मुलखात मरियेच्या विविध अभिधानांची चर्चे उभी राहिली. वसईजवळील रमेदी व मर्सेस या गावांची नावेच मुळी मरियेच्या ‘रेमेदिओस’ (उपाय, औषध) व ‘मेर्सेस’ (दया) या पोर्तुगीज बिरुदांवरून पडलेली आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज धर्मगुरू गेले, परंतु स्थानिक कॅथलिक समाज राहिला आणि गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी त्याची व्यवस्था सांभाळली.

वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेच्या मंदिराचा इतिहास या घडामोडींत गुंतलेला आहे. जेझुइटांनी तेथे उभारलेल्या लहान मंदिरातील मूर्तीचा उजवा हात १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी हातातील सोनेरी वस्तूच्या लोभाने तोडला, असे सांगतात. मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या काळात मंदिराची हानी झाली व १७६० च्या सुमारास ते पुन्हा बांधण्यात आले. त्या वेळी साष्टी बेटावर अंमल पेशव्यांचा होता, ही बाब या मंदिराविषयीच्या लोकप्रिय वर्णनांत क्वचितच नोंदविली जाते. समुद्रात मूर्ती तरंगत असल्याचे एका कोळ्याला स्वप्नात दिसले आणि पुढे ती सापडली, अशी आख्यायिका आहे. कोळी लोक तिला ‘मोत माउली’ म्हणतात. ‘मोत’ हा शब्द टेकडीवाचक पोर्तुगीज ‘मोंती’चा अपभ्रंश असावा, मोत्याशीही त्याचा संबंध लावला जातो. पहिली व्युत्पत्ती अधिक संभवनीय वाटते, कारण मंगळूरकडे ८ सप्टेंबरच्या मरियाजन्माच्या सणास ‘मोंती फेस्त’ असेच नाव असून त्या दिवशी नव्या भाताची कणसे आशीर्वादित करतात. सध्याची वास्तू १९०४ मधील असून तिचे वास्तुरचनाकार शापूरजी चंदाभॉय हे पारशी होते. १८५४ च्या सिद्धांताच्या शताब्दीच्या वर्षी, १९५४ मध्ये, तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात भरणारी वांद्र्याची जत्रा मुंबईतील मोठ्या जत्रांपैकी एक. तेथे मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर अशा आकृती विकल्या जातात. ज्या अवयवाचा विकार असेल वा जी इच्छा असेल, तिची आकृती मरियेपुढे वाहतात. नवस फेडताना चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहण्याच्या आपल्याकडील रीतीशी तिचे साम्य उघड आहे. तथापि ही रीत केवळ हिंदूंकडून उचललेली मानणे बरोबर नाही, कारण भूमध्य समुद्राकाठच्या कॅथलिक देशांतही ती पूर्वापार आढळते. दोन प्रवाह येथे एकमेकांना ओळखून भेटले, असे म्हणणे अधिक युक्त होईल. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनेसही सर्व धर्मांचे लोक येतात.

अहमदनगर व मराठवाडा : किनारपट्टीच्या तुलनेत देशावरील मरियाभक्ती अर्वाचीन आहे. तिला पोर्तुगीज सत्तेचा वारसा नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्येच काम सुरू केले होते. जेझुइट तेथे १८७८ च्या सुमारास पोचले आणि राहुरीकडील केंदळ हे त्यांचे आरंभीचे ठाणे झाले. निजामाच्या मुलखात वैजापूर तालुक्यातील घोगरगावच्या परिसरात फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्य आरंभिले. या दोन्ही भागांत ख्रिस्ती झालेले लोक मुख्यतः महार व मांग समाजांतील होते. दोन मिशने शेजारी असल्यामुळे मरियेचा प्रश्न येथे केवळ ग्रंथातला राहिला नाही. एकाच गावात एका वस्तीच्या भिंतीवर मरियेची तसबीर आणि दुसऱ्या वस्तीत ती मूर्तिपूजा म्हणून निषिद्ध, असे चित्र निर्माण झाले. ज्यांनी म्हसोबा व मरीआई नुकतीच सोडली होती, त्यांना जुन्या दैवतांची जागा घेणारी माता देणे श्रेयस्कर की अजिबात न देणे श्रेयस्कर, यावर उभयपक्षी प्रामाणिक मतभेद होते. पटकीची देवता मरीआई आणि मरिया यांच्या नावांतील साम्य निव्वळ ध्वनीचे आहे. परंतु त्यामुळे प्रॉटेस्टंट उपदेशकांचा संशय बळावला असल्यास नवल नाही.

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव हे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे ज्ञात झालेले गाव. तेथील संत तेरेजा चर्चच्या परिसरात विसाव्या शतकाच्या मध्यापासून मतमाउलीची यात्रा भरते. मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेला नाशिक, पुणे, अहमदनगर व मराठवाडा या भागांतून लोक येतात; अनेक जण पायी दिंडीने येतात. ‘माउली’ हे संबोधन येथे वारकरी परंपरेतून सहज आले. जी परंपरा विठ्ठलासारख्या पुरुषदैवताला व ज्ञानेश्वरांसारख्या संताला माउली म्हणते, तिच्या भाषेत मरियेला माउली म्हणण्यात ती देवी असल्याचा दावा अनुस्यूत नाही. स्टीफन्स यांना ज्या शब्दासाठी खटपट करावी लागली असती, तो देशावरील अशिक्षित भाविकाने आपसूक उचलला.

या भाविकांच्या स्थितीमुळे मरियेच्या स्तोत्रास येथे वेगळी धार प्राप्त होते. दीनांना उंच करणाऱ्या देवाचे ते गीत ऐकणारा श्रोता शेतमजूर किंवा कारखान्यातील ऊसतोड कामगार असतो. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशानुसार धर्मांतरित ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा नाकारण्यात आला. शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये तो लागू झाला, ख्रिस्ती समाजाची मागणी मात्र अनिर्णित आहे. चर्चअंतर्गत जातिभेदाची तक्रारही त्यांच्यातील विचारवंत वेळोवेळी करीत आलेले आहेत. मरियेची मूर्ती राजमुकुट व भरजरी झगा घालून मिरवावी की नासरेथची गरीब स्त्री म्हणून दाखवावी, या प्रश्नाला त्यामुळे येथे केवळ सौंदर्यदृष्टीचे महत्त्व उरत नाही.

मराठवाड्यातील कॅथलिक समाजासाठी अमरावती धर्मप्रांतातून १९७७ मध्ये औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. नांदेड व लातूरकडे ही वस्ती विरळ आहे. तथापि मरियेचे नाव या भागात मिशनऱ्यांच्या बरेच आधी, कुराणाच्या द्वारे आले होते. कुराणाचा एकोणिसावा अध्याय ‘मरियम’ या नावाचा असून कुराणात नावाने उल्लेखिलेली ती एकमेव स्त्री आहे. येशूचा कुमारीजन्म कुराणास मान्य आहे, त्याचे देवपुत्रत्व मात्र मान्य नाही. कुराणातील कथेत मरियम खजुराच्या झाडाखाली एकाकी प्रसूत होते. तो प्रसंग बायबलमध्ये नाही. राष्ट्रकूटांच्या कंधारसारख्या नगरीत, जेथे पुढे मुसलमानी राजवटी आल्या आणि हाजी सय्याह यांचा दर्गा उभा राहिला, तेथे ‘मरियम’ हे नाव मुलींना ठेवण्याइतके परिचयाचे आहे. त्या दर्ग्यात सर्व जातिधर्मांचे लोक नवसासाठी जातात. पीर स्वतः देत नाही, देवाकडे रदबदली करतो, असे मुसलमान पंडित सांगतात, आणि सामान्य माणूस पिराकडेच मागतो. वांद्र्याच्या टेकडीवर मेणाचा हात घेऊन चढणाऱ्या भाविकाची गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत होऊ लागली, तेव्हापासून मरियेविषयीचे मराठी लेखन वाढले आहे. वसईचे धर्मगुरू व लेखक फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या सुबोध बायबल या भाषांतरास २०१३ चा साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठीत तिच्या नावाचे लेखन अद्याप एकरूप झालेले नाही. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ‘मरीया’, कॅथलिक लेखनात ‘मरिया’ व ‘मारिया’, गोव्यात ‘मोरी’, शहरी बोलण्यात ‘मदर मेरी’ अशी रूपे चालतात, आणि हरेगावच्या वाटेवर दिंडी चालताना यांपैकी कोणतेच नाव न घेता नुसता ‘माउली’चा घोष होतो.